मेघलपरचा पहिला सूर्य

जामनगर
फाल्गुन वद ६, संवत २०४३

श्रीयुत जटाशंकर यांस,

ठप्-ठप्. मग जरा दम. पुन्हा ठप्-ठप्.

हा आवाज तुला नवा नाही. स्टाफरूमच्या टेबलावर डस्टर आपटून मी तो तुला कितीदा ऐकवला आहे, आणि दर वेळी तुझ्या चहाच्या बशीत खडूची पूड पडली म्हणून तू ओरडला आहेस. मेघलपरच्या दरबारगढाच्या भिंतीला आमचं घर लागून होतं. भिंतीपलीकडे वस्ता सुतार कागदावर लाकडी ठसा ठेवून वरून मोगरी हाणायचा. एक ठोका चौकटीचा, दुसरा आतल्या सूर्याचा. शेजारी माझे वडील, दरबारचे नवे कारकून. ते ओले ताव दोरीवर पापडांसारखे वाळत घालायचे. भिंतीच्या अलीकडे ओट्यावर बसून मी त्या ठेक्यावर पाढे म्हणायचो. एवढंसं गाव, एवढासा राजा. पण त्याच्या कोर्टात अर्ज करायचा तर त्याच्याच घरचं तिकीट लागायचं. हिरवं, एक आण्याचं. वर गावाचं नावसुद्धा नाही. सगळ्यांना माहीतच होतं, मग नाव कशाला घालतील?

अशी नाव नसलेली, कुठल्याच यादीत नसलेली तिकिटं कुठली हे शोधण्यात आपण दोघांनी उमर घालवली. आणि माझं हे एक तिकीट मात्र माझ्याच वहीच्या शेवटच्या पानावर राहिलं. त्या पानाला 'अनाथाश्रम' हे नाव तूच दिलंस. माझा वाकडा सूर्य अजून तिथंच आहे. कागदापासून सुटलेलं तिकीट, त्याला आईबाप कोण सांगणार? मी म्हणायचो, मेघलपरचं. तू म्हणायचास, "पुरावा काय?" मी म्हणायचो, "सूर्य चौकटीत तिरपा बसलाय, म्हणजे दोन वेगळे ठसे, दोन ठोके. मी ऐकलेत." त्यावर तू म्हणालास, "हरसुख, कानाने तिकिटं ओळखायची असतील तर ग्रामोफोनच्या तबकड्या जमव." सगळी स्टाफरूम हसली होती. मीसुद्धा हसलो होतो.

आता तुझं कार्ड आलं आहे. "तुझ्या मेघलपरचं तिकीट रसिकला सापडलं. अख्ख्या अर्जावर चिकटलेलं, खाली दरबारचा शिक्का. पहिलंच असावं. तो तुला दाखवायला येईल." एवढंच. अक्षर तुझ्या नातीचं. काचबिंदूने तुझी नजर नेली हे मला ठाऊक आहे. पण शब्दांची कंजुषी तुझीच, भूगोलाच्या मास्तराची. नकाशावर लिहावं तसं लिहितोस.

रसिक! बडोद्याला मुलाकडे राहायला गेलास तेव्हा पत्रात 'ते कोटेचा' असायचे. मग 'रसिकभाई' झाले. आता नुसता रसिक. युगांडातून आलेला, पितळी पार्टांचा कारखाना असलेला माणूस. गाडी काढायची, गावोगावची रद्दी पोत्याने उचलायची आणि बडोद्याला जाऊन तुझ्यापुढे ओतायची. असं मलाही जमलं असतं. माझ्याकडे गाडी नव्हती एवढंच.

मेघलपर माझं. तिथला आवाज माझा. आणि त्या तिकिटाला आईबाप मिळवून दिले या कंपाला-रिटर्न माणसाने. तू छापायला घेतलेल्या नव्या यादीत त्या तिकिटापुढे 'ओळख पटवणारा' म्हणून नाव कुणाचं लागणार, ते विचारायला नको. अभिनंदन कळव त्याला.

दर आषाढी बीजेला तू मला टोमणा मारायचास, आठवतं? "तुम्हा जामनगरकडच्या हालारी लोकांचं वर्ष आमच्या दिवाळीची वाटसुद्धा बघत नाही. म्हणून तुम्ही आमच्या आधी म्हातारे होता." झालो खरा. आणि तू भावनगरचा, दिवाळीवाला, अजून तरुण. नवे दोस्त करतोस.

तुझा,
ह. छाया

ता. क. सूनबाई नयनाने हे पत्र पाकिटात घालताना वाचलं. म्हणते, "बापुजी, सवत आल्यासारखं काय रुसता?" तिला मी चार शब्द सुनावले आहेत.


चैत्र सुद १३

जटाशंकर,

आला होता तुझा रसिक.

जिन्यातूनच "पाय लागू, काका!" म्हणत आला. हातात इथल्याच प्रसिद्ध सुकामेव्याच्या कचोऱ्यांचा डबा. जामनगरात राहून जामनगरच्या माणसाला कचोऱ्या! नयनाला म्हणाला, "वहिनी, चहात आलं घातलंत की आलं उकळून त्यात चहा घातलात?" ती खळखळून हसली. मी हाच विनोद दोन वर्षांमागे केला होता तेव्हा ती भांडी घासत राहिली होती.

मग त्याने खिशातून भिंग काढलं.

मी ते मुठीवरून ओळखलं नाही, कारण मूठ ओळखू येण्यासारखी राहिलीच नव्हती. काचेच्या कडेला तो टवका दिसला तेव्हा ओळखलं. माझ्याच हातून लाखोटा तळ्याच्या पाळीवर पडलं होतं ते.

"हे कुठून आणलंत?"

"जटुकाकांनी दिलं. म्हणाले, माझ्या आता काय कामाचं. मूठ फार काळी पडली होती काका, कारखान्यात पॉलिश मारून घेतली. बघा, सोन्यासारखी झाली की नाही?"

झाली. तुझ्या अंगठ्याचा जो काळा डाग त्या मुठीवर इतक्या वर्षांत बसला होता, तो त्याने घासून काढला. त्या डागावर अंगठा ठेवला की भिंग हातात बरोबर बसायचं. मलाही, कारण तुझ्यानंतर ते मीच हातात घ्यायचो. जटू, मी मागितलं नव्हतं. मागायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, असल्या गोष्टी आपोआप ज्याच्या त्याच्याकडे येतात.

असो. अर्ज पाहिला. कुण्या विधवा बाईने विहिरीच्या वाटणीबद्दल केलेला. खाली मेघलपर दरबारचा शिक्का, स्पष्ट. वर डाव्या अंगाला तिकीट: हिरवं, एक आणा, आत सूर्य. माझंच. फक्त याचा सूर्य चौकटीत सरळ बसलेला, नाकासमोर चालणाऱ्या मुलासारखा. एकाच ठशाने, एकाच ठोक्यात मारलेलं. चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात काही बारीक रेघबिघ आहे, पण लाकूड म्हटलं की रेघा यायच्याच.

मिती आषाढ वद पाचम, संवत १९७६. रसिक पंचांगातून हिशेब करूनच आला होता. "म्हणजे जुलै १९२०, काका. जटुकाका म्हणाले तुम्हाला विचार. बरोबर ना?"

मी म्हणालो, "पंचांग तुमच्याकडे आहे, मला काय विचारता?"

पाहुण्याच्या हिशेबात आपण कशाला बोलायचं?

आता तूच बघ. माझे वडील मेघलपरच्या नोकरीवर आले १९१९च्या दिवाळीनंतर, आणि आले त्याच महिन्यात भिंतीपलीकडे ठोके सुरू झाले. दोन ठोके. वाकडा सूर्य. रसिकचा सरळ सूर्य त्यानंतरच्या पावसाळ्यातला. आधी सुताराला दोन तुकड्यांत जमलं, मग हात बसल्यावर एका ठशात जमलं. कुणालाही पटेल असा क्रम आहे. म्हणजे पहिलं तिकीट माझं. रसिकच्या अर्जाने एवढंच केलं की माझ्या अनाथाला आडनाव दिलं. त्याबद्दल त्याचे आभार यादीच्या तळटिपेत मानता येतील.

जाताना तो विचारत होता, "काका, तो आवाज ऐकवा ना. जटुकाका नेहमी सांगतात." तू त्याला सांगतोस? माझ्यामागे त्यावर हसता का दोघं?

मी ऐकवला नाही. डस्टर नाही म्हणालो.

हरसुख


वैशाख सुद ९

प्रिय जटू,

तुझं पत्र पोचलं. आजवरच्या तुझ्या पत्रांत सगळ्यांत मोठं. तरी एका श्वासात वाचून झालं.

"अर्ज तू डोळ्यांनी पाहिलास. रसिकला त्या मुलखाचं काही माहीत नाही, मला नजर नाही. क्रम तू ठरव. तू सांगशील ते छापतो."

मी ठरवलं आहे. आधीच्या पत्रात लिहिलं आहे तसंच. छाप.

इथे ऊन फार आहे. सलग तिसरा दुष्काळ. नळाला एक दिवसाआड पाणी येतं आणि आलं की नयना कळशा, तपेली, माझा दाढीचा मगसुद्धा भरून ठेवते. केशर आंबे आले आहेत पण लहान, सुपारीएवढे. मला त्यावरून सारखी शाळेतली कविता आठवते, आमच्या चौथीच्या मास्तरांनी स्वतः रचून शिकवलेली. तू भावनगरला शिकलास, तुला ती ठाऊक नाही:

विहीर म्हणे मेघाला, "तुझे जळ उसने";
मेघ म्हणे, "ताई, मग तुझे तरी कुठले?"

मास्तर टेबलावर बोटांनी ताल धरायचे आणि 'कुठले' वर छडी आपटायचे. आम्हा मुलांना वाटायचं, विहिरीचं काय चुकलं? ती बिचारी गावातच असते, सगळ्यांना पाजते. तो एक वरून येतो, गडगडाट करतो आणि सगळे त्याच्याकडे बघून नाचतात. मी तेव्हापासून विहिरीच्या बाजूचा.

हो, गाठियांची पार्टी दिली. आपला रिवाज आहे, अनाथाला घर मिळालं की घर मिळवून देणाऱ्याने सगळ्यांना गाठिया खिलवायचे. जुन्या मंडळींतले उरलेत तेवढे आले. गरम गाठिया, तळलेल्या मिरच्या, पपईचा संभारो. एक जण म्हणाला, "हरसुखभाई, पण घर तर त्या कोटेचाने मिळवून दिलं ना?" मी म्हणालो, "गाठिया गार होतायत, खा." त्याने दुसरी मूठ भरली, पण मिरची मला झोंबली.

रसिकलाही बोलावणं धाडलं होतं. तो मुंबईला गेला होता. बरं झालं.

तू एवढा विश्वास का टाकतोस रे? "तू सांगशील ते छापतो." पूर्वी असा नव्हतास. पूर्वी मी म्हटलं हे तिकीट हिरवं, तर तू ते उन्हात नेऊन बघायचास.

तुझा
हरसुख


ज्येष्ठ वद ४

जटू,

छपाईआधीची प्रत मिळाली. पान उघडलं आणि आधी नुसता कागदाचा वास घेतला. मग वाचलं: 'मेघलपर. १. एक आणा, हिरवा, सूर्य तिरपा, दोन ठशांत, १९१९ अखेर. ओळख पटवणारा: हरसुखराय छाया. २. तोच, सूर्य सरळ, एका ठशात, १९२०. ओळख पटवणारा: रसिकलाल कोटेचा.'

एक माझा, दोन त्याचा. कोणाला दाखवू असं झालं. हिच्या फोटोला दाखवलं. वडिलांचा फोटो आत कपाटावर आहे; तिकडे नंतर दाखवीन म्हटलं, ते राहून गेलं.

नयना म्हणाली, "आता तरी हसा, बापुजी. जिंकलात ना?"

"स्पर्धा कुठे होती?"

"मग दोन महिने घरात भांड्याला भांडं का लागत होतं?"

तिच्या जिभेला हाड नाही. चांगली मुलगी आहे.

आणि मग काल रसिक आला. मला वाटलं, चेहरा पडलेला असेल. मी तयारीत बसलो होतो, मोठेपणाने बोलायची दोन-तीन वाक्यं घोकून ठेवली होती. तर तो माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "काका, मला किती आनंद झाला सांगू! माझा सूर्य तुमच्या सूर्याचा धाकटा भाऊ निघाला." कारखान्यात खास बनवून घेतलेली पितळी चौकट आणली होती, माझ्या तिकिटासाठी. आणि तो अर्ज. "फोटोवाला येईल, दोन्ही शेजारी ठेवून यादीसाठी फोटो काढील. तोवर हा तुमच्याकडे राहू दे. भावंडं एकत्र राहिलेली बरी."

पावती नाही, चिठ्ठी नाही. असाच ठेवून गेला.

जटू, ज्याच्याकडे गाडी आहे, कारखाना आहे, तुझं भिंग आहे, त्याच्याकडे निदान मन तरी कोतं असायला हवं होतं. काहीतरी माझ्यासाठी शिल्लक ठेवायचं होतं त्याने.

फोटोवाला अजून आलेला नाही. दोन्ही सूर्य टेबलावर शेजारी-शेजारी आहेत. मी आपलं ते बघत बसतो.

आज सकाळी नयना ओरडली, "बापुजी, पाणी परवा यायचंय आणि ही वाटी भरून टेबलावर कशाला ठेवलीय?" आणि ती वाटी उचलून तिने तुळशीला ओतली. मी डोळे धुवायला घेतली होती. उन्हाने डोळे जळजळतात हल्ली.

ह.


जामनगर
आषाढ सुद बीज, संवत २०४४

जटू,

वरचा आकडा वाच. म्हणजे नातीकडून वाचून घे. परवापर्यंत मी त्रेचाळीस लिहीत होतो, आज चव्वेचाळीस. तुझ्याकडे अजून त्रेचाळीसच आहे, दिवाळीपर्यंत राहील. आता हे नवं वर्ष कच्छी लोक सोडले तर फारसं कुणी पाळत नाही. आमच्या घरी मात्र लापशी होते. नयनाने आत्ताच कढईत तूप सोडलं आहे. इथवर वास येतो आहे.

मेघलपरही हालारातच होतं. तिथल्या दरबाराचं वर्षही आजच बदलायचं. वडील आजच्या दिवशी नव्या कागदावर कुंकवाचं स्वस्तिक काढायचे.

आता रसिकच्या अर्जाची मिती घे. आषाढ वद पाचम, १९७६. दिवाळीवाल्यांच्या हिशेबाने ती जुलै १९२० येते, कारण त्यांचं शहात्तर साल दिवाळीला लागतं आणि आषाढ त्याच्या शेवटाकडे येतो. पण हालारी शहात्तर साल दिवाळीच्या आधी, आषाढी बीजेलाच लागलेलं. त्यातली आषाढ वद पाचम म्हणजे जुलै १९१९. पूर्ण एक वर्ष आधी. माझे वडील मेघलपरला यायच्याही आधी.

रसिक कंपालात जन्मला, त्याला हे कोण सांगणार? त्याच्याच हातातलं तिकीट त्याने स्वतःच एका वर्षाने धाकटं केलं. आणि तो विचारत होता, "बरोबर ना, काका?"

मला ते तिथल्या तिथे कळलं होतं. चहाचा घोट घशात होता, तेव्हाच.

आणि ती कोपऱ्यातली रेघ. मी रेघबिघ म्हणालो, ती चीर आहे. रसिकच्या तिकिटावर केसाएवढी. माझ्या वाकड्या सूर्याच्या चौकटीला त्याच कोपऱ्यात तीच चीर आहे. तशीच वळणारी, फक्त तांदळाच्या दाण्याएवढी रुंद झालेली. लाकडाची चीर वाढते, जटू, कधी आखडत नाही. एकच ठसा आहे तो. आधी तो अखंड होता आणि सूर्य सरळ होता. मग तो तडकला. वस्ता सुताराने आतला सूर्य कापून वेगळा केला, तडकलेली चौकट तशीच वापरली, आणि तिथून पुढे दोन ठोके लागायला लागले. सगळं त्या दोन हिरव्या चौकोनांवर लिहिलेलं आहे. तुझी नजर असती तर तू एका झटक्यात सांगितलं असतंस.

रसिकचा सूर्य पहिला. माझा दुसरा.

ही ओळ लिहायला चैत्रापासून आषाढ लागला. नुसतं यादीतलं नाव असतं तर, खरं सांगतो, कदाचित लवकर लिहिली असती. म्हणजे लिहिली असती असं मला वाटतं. पण नावामागोमाग तो आवाजही जातो. मला वाटायचं, मेघलपरच्या तिकिटाचा जन्म मी ऐकला आहे. वडिलांनी ते आणलं, त्यांच्यासमोर पहिला ठोका पडला आणि मी भिंतीअलीकडे होतो. ते तसं नव्हतं. मी ऐकला तो एका फुटक्या ठशाचा आवाज. वडील आले तेव्हा सूर्य आधीच उगवून तडकलेला होता.

वाटीचंही सांगतो. डोळ्यांसाठी नव्हती. अर्जावरचं ते तिकीट पाण्यात सोडलं की अर्ध्या तासात कागदावरून सुटतं. तुला काय सांगायचं, तरुणपणी आपण हौसेने शेकडो सोडवली. सुटलेल्या तिकिटाला मिती राहत नाही, शिक्का राहत नाही. रसिकला सांगितलं असतं, कागद ओला झाला, म्हातारा हात. त्याने "असू द्या काका" म्हटलं असतं, हे सगळ्यांत वाईट. मी कागद हातात घेऊन बसलो होतो. पाण्यात घातला नसता असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. नयना आली आणि वाटी घेऊन गेली. तुळस मात्र तरारली आहे.

मला मत्सर तिकिटाचा नव्हता. भिंगाचा होता. तू 'रसिक' म्हणतोस त्या तीन अक्षरांच्या बिनमानाच्या हाकेचा होता. ती हाक एके काळी फक्त मला होती. तुझी नजर गेली तेव्हा मला वाटलं, आता हा माझे डोळे मागेल. तू त्याचे मागितलेस. मग मी ठरवलं, माझ्या डोळ्यांना जे दिसतं ते तुला मिळणार नाही.

यादी अजून यंत्रावर चढली नसेल. पान बदलून घे: १ कोटेचा, जुलै १९१९. २ छाया. माझं नाव काढलंस तरी चालेल. नाही, काढू नकोस. दुसरं राहू दे. हे पत्र आजच्या टपालात

कुणीतरी जिन्यात आहे. आधी पाणी आलं की काय म्हणून नयना धावली. आता ती मोठ्याने म्हणते आहे, "अग बाई! तुम्ही? अहो, कळवायचं तरी!"

काठीचा आवाज. दोन टोले, मग दम. पुन्हा दोन.

रसिकचा आवाज: "हळू, काका. ही पायरी तुटकी आहे."

आणि त्यावर दुसरा: "अरे, या जिन्याला मी तुझ्या जन्माआधीपासून ओळखतो. बाजूला हो. कुठे आहे तो म्हातारा? ए हालारी! साल मुबारक!"

जटू.

साल मुबारक म्हणालास. आज. म्हणजे आमचं हालारी वर्ष तू विसरला नव्हतास. म्हणजे पहिल्या कार्डापासून तुला त्या मितीचं खरं साल ठाऊक होतं, आणि तू फक्त वाट बघत होतास, मी कधी बोलतो त्याची. "क्रम तू ठरव." म्हणून एवढा विश्वास!

आता तू म्हणशील, मला दारात बघून लिहिलंस. साक्षीला कुणी नाही. नयना तुपाशी होती. पण तू आयुष्यभर शाई ओळखत आलास. डोळे नसले तर नसू देत. आत ये, बस, हा कागद हातात घे आणि बोट फिरव. ही शेवटची ओळ ओली आहे, बोटाला लागेल. 'रसिकचा सूर्य पहिला' ही ओळ मागच्या पानावर आहे. तिच्यावर बोट ठेव.

ती वाळली आहे.